लीलावतीला विधवा कुणी केले?

मे महिन्याच्या सुटीत आम्ही भंडारदऱ्याला मुलींचे चार दिवसांचे निवासी शिबीर घेतो. शेंडी, मुतखेल, रतनवाडी, घाटघर या बाजूच्या महादेव कोळी आणि ठाकर मुली त्यात असतात. बहुतेकजणी आश्रमशाळेत शिकणाऱ्या, सातवी ते नववीतल्या. आरोग्य, कायदा, बचत गटाचा हिशेब हे आमचे नेहमीचे विषय. मागच्या खेपेला विज्ञानाचेही एक सत्र ठेवावे असे ठरले. ओळखीचे एक शिक्षक 'भास्कराचार्यांचे जीवन आणि कार्य' या विषयावर बोलायला तयार झाले. आपल्याच मातीतला खगोलशास्त्रज्ञ मुलींना कळेल, म्हणून आम्हीही खूष होतो.

गुरुजी तासभर बोलले. बोलणे रसाळ होते. जन्म, ग्रंथांची नावे दहा मिनिटांत आटोपली आणि उरलेला सगळा वेळ लीलावतीच्या गोष्टीत गेला. ही गोष्ट आपणा सगळ्यांच्या कानावरून गेलेली आहे. भास्कराचार्यांनी मुलीची कुंडली मांडली. तिच्या नशिबी वैधव्य दिसले. ते टाळणारा एकच मुहूर्त होता. तो चुकू नये म्हणून पाण्यावर घटिकापात्र सोडले. नवरीच्या वेषातली लीलावती कुतूहलाने पात्रात वाकून बघायला गेली. तिच्या अंगावरचा एक मोती पात्रात पडला, भोक बुजले, मुहूर्त टळला. लग्न लागले आणि थोड्याच दिवसांत नवरा वारला. मुलगी माहेरी परत आली. तिचे दुःख हलके व्हावे म्हणून बापाने तिला गणित शिकवले आणि ग्रंथाला तिचे नाव दिले.

मुली अगदी गप्प होऊन ऐकत होत्या. चहाच्या वेळी आठवीतली एक मुलगी माझ्याजवळ आली. ती चौथीत असताना तिचे वडील विहिरीच्या कामावर अपघातात वारले. आई नारायणगावच्या बाजूला मजुरीला जाते. घरातल्या आणि भावकीतल्या बायका आईला 'पांढऱ्या पायाची' म्हणतात, हळदी-कुंकवाला बोलावत नाहीत. मुलीने मला विचारले, "ताई, मपल्या आईच्या लग्नात काय पडलं व्हतं?"

मला त्या वेळी तिला नीट काही सांगता आले नाही. तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विषय बदलला. कार्यकर्ती म्हणून मला त्याची लाज वाटते. त्यानंतर मी ही गोष्ट कुठून आली, तिला आधार काय, याची शोधाशोध केली. जे हाती लागले ते आपणा सर्वजणींसमोर ठेवते आहे, कारण ही गोष्ट फक्त आमच्याच शिबिरात सांगितली गेलेली नाही. शाळांत, बालसभांत, गणपतीच्या व्याख्यानांत ती सांगितली जाते. आणि आपणही ती ऐकून माना डोलावतो.

आधी नक्की काय माहीत आहे ते पाहू. भास्कराचार्यांचा जन्म शके 1036 मध्ये, म्हणजे इ. स. 1114 चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणि' हा ग्रंथ रचला. हे दोन्ही त्यांनी स्वतःच ग्रंथात लिहून ठेवले आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडवीड हे आपले गाव, असेही ते सांगतात. ते गाव नेमके कुठले यावर अभ्यासकांत वाद आहे. 'सिद्धांतशिरोमणि'चे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. 1183 मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी 'करणकुतूहल' हा आणखी एक ग्रंथ लिहिला.

दुसरा पुरावा दगडावरचा आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे 1207 सालचा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारात मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला, त्याला दिलेल्या दानाचा हा लेख. त्यात घराण्याची नऊ पिढ्यांची वंशावळ कोरलेली आहे. पणजोबा, आजोबा, बाप, मुलगा, नातू, सगळे पुरुष. मुलगा लक्ष्मीधर आहे. लीलावती नाही. कुणाची आई नाही, बायको नाही, बहीण नाही. नऊ पिढ्या जणू बायांवाचूनच जन्मल्या!

या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा काही हिस्सा आणि घाण्यांमागे काही तेल मठाला द्यावे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे शाळा चालायची ती बाजारात राबणाऱ्यांच्या घामावर. त्या शाळेत तेल्याची लेक बसली असेल का? हा प्रश्न आपण नाही विचारायचा तर कुणी विचारायचा?

मग लीलावतीची गोष्ट आली कुठून? भास्कराचार्यांच्या कोणत्याही ग्रंथात ती नाही. 'लीलावती'त जिला उद्देशून उदाहरणे घातली आहेत तिला कुठे 'बाले', कुठे हरिणाक्षी, तर कुठे चक्क 'कांते' म्हटले आहे. आणि कुठे श्रोता मित्र किंवा गणक असा पुरुषही आहे. त्यावरून ती मुलगी होती, पत्नी होती, की ते ग्रंथाचे नुसते देखणे नाव आहे, हे ठरत नाही. मोत्याची गोष्ट आपल्याला भेटते ती अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने 1587 मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत. ग्रंथानंतर 437 वर्षांनी! आणि तिथेही लीलावती विधवा होत नाही. तिच्या पत्रिकेत अविवाहित आणि निपुत्रिक राहण्याचा योग होता, बापाने शोधलेली शुभ घटिका मोत्यामुळे हुकली, म्हणून बापाने तिच्या नावाचा ग्रंथ लिहायचे ठरवले, एवढेच तिथे आहे. पुढे गोष्ट सांगणाऱ्यांना लग्न न झालेली बाई पुरेशी दुःखी वाटली नसावी. त्यांनी तिचे लग्न लावले, नवरा मारला, आणि तिला पांढऱ्या कपाळाने माहेरी आणून बसवले.

म्हणजे लीलावतीला विधवा केले ते ना ग्रहांनी, ना मोत्याने. तिला विधवा केले ते गोष्ट सांगणाऱ्यांनी.

काहीजणी म्हणतील, एक गोष्ट ती काय, त्यात इतके चिडण्यासारखे काय आहे? उलट बाराव्या शतकातला बाप विधवा मुलीला शिकवतो, हे पुरोगामीच नाही का? मलाही पूर्वी असेच वाटायचे. पण त्या मुलीच्या प्रश्नानंतर ही गोष्ट मी मुलीच्या जागी बसून पुन्हा ऐकली, तेव्हा तीन गोष्टी दिसल्या.

पहिली म्हणजे, ही गोष्ट खगोलशास्त्रज्ञाची म्हणून सांगितली जाते आणि शिकवते मात्र भविष्य. एवढ्या मोठ्या गणितज्ञाने वर्तवलेले वैधव्य खरे ठरले, मग आमच्या गावातल्या पत्रिका बघणाऱ्याचे का ठरू नये? मुलगी एवढाच अर्थ घेणार. भविष्यकथन हे ज्योतिषाचे फळ, असे त्या काळच्या रिवाजाप्रमाणे भास्कराचार्यही म्हणतात, हे लपवण्याचे कारण नाही. पण त्यांच्या ग्रंथाच्या चार भागांत आहे ते अंकगणित, बीजगणित, ग्रहांच्या गतीची आकडेमोड आणि गोलाचे विवेचन. कुणाचा नवरा कधी मरेल ते काढण्याची रीत त्यात नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. लीलावतीचा अपराध कोणता? ती वाकून बघायला गेली. पाणी कसे भरते, पात्र कसे बुडते, हे तिला बघायचे होते. वैज्ञानिक होण्याची पहिली पायरी तीच ना? मुलगा वाकून बघतो तेव्हा तो शोध लावतो आणि मुलगी वाकून बघते तेव्हा नवरा मरतो! "नसत्या ठिकाणी डोकावू नकोस" हे आमच्या पोरींना घरी, दारी, शाळेत ऐकावेच लागते. विज्ञानाच्या तासालाही तेच ऐकवायचे का?

तिसरी गोष्ट, शिक्षण इथे हक्क म्हणून येत नाही, सांत्वन म्हणून येते. संसार सुखाचा झाला असता तर लीलावतीला गणित शिकवायची गरज कुणालाच वाटली नसती. आजही आपण हेच बघतो. मुलीचे शिक्षण म्हणजे 'उद्या काही वाईट घडलं तर पायावर उभी राहील' अशी तरतूद. मुलगा शिकतो तो मात्र शहाणा होण्यासाठी.

विधवेच्या वाट्याला आलेला अपमान हा काही जुन्या काळचा विषय नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे थांबवा, हे 2022 मध्ये सांगावे लागले! आमच्या जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले. जिचे नाव दिले त्या अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या चोंडीच्या. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव मारले गेले आणि पुढे त्यांनी जवळजवळ तीस वर्षे राज्य चालवले. विधवेच्या नावाच्या जिल्ह्यात राहून विधवेला पांढऱ्या पायाची म्हणायचे, हा दुटप्पीपणा आपण किती दिवस चालू द्यायचा?

चळवळीतल्या काही मैत्रिणी वेगळाच आक्षेप घेतात. भास्कराचार्य म्हणजे राजाश्रयाच्या घराण्यातला उच्चवर्णीय पुरुष, त्याचे गोडवे आदिवासी मुलींसमोर कशाला गायचे? आणि मजुरी, स्थलांतर, कुपोषण हे प्रश्न समोर असताना तारे कसले दाखवता? यातला पहिला भाग मला मान्य आहे. गोडवे गायचेच नाहीत. पण ज्ञान ज्यांनी अडवून ठेवले त्यांच्याच हाती ते सोडून देणे, हा कुठला न्याय? पाटणच्या मठाला तेल आपल्या आज्यापणज्यांनीही घातले असेल. त्या ज्ञानावर आपलाही हक्क आहे. आणि भाकरीचा लढा लढणाऱ्या बाईने आकाशाकडे बघू नये, हे मला मंजूर नाही.

मग मुलींना शिकवायचे काय? जे खरोखर ग्रंथात आहे ते. पृथ्वी शेषाच्या डोक्यावर किंवा कशाच्या आधारावर आहे म्हणाल, तर त्या आधाराला आधार कोणाचा, असा सरळ प्रश्न भास्कराचार्य विचारतात आणि पृथ्वी निराधार, आपल्याच शक्तीने आहे असे सांगतात. ती गोल असूनही सपाट का दिसते? कारण मोठ्या वर्तुळाचा छोटा तुकडा सरळच भासतो. पलीकडच्या बाजूची माणसे खाली का पडत नाहीत, हाही प्रश्न ते घेतात. उत्तर-दक्षिण रेषेवरच्या दोन गावांमधले अंतर आणि त्यांच्या अक्षांशांतला फरक यावरून साध्या त्रैराशिकाने पृथ्वीचा परीघ कसा काढायचा, ते त्यांनी दाखवले आणि तो 4967 योजने धरला.

त्यांचे चुकलेलेही सांगायचे. त्यांनी पृथ्वी स्थिर मानली. त्यांच्या सहा शतके आधी आर्यभटाने ती स्वतःभोवती फिरते असे म्हटले होते, तरी. ग्रहण सावलीमुळे होते हे त्यांना पक्के ठाऊक होते, त्याचे गणित त्यांनी मांडले, पण राहूलाही त्या सावलीत जागा करून देऊन परंपरेशी तडजोड केली. आठशे वर्षांपूर्वी विद्वानाने केलेल्या या तडजोडीची किंमत आमच्या बायका आजही मोजतात. 7 सप्टेंबर 2025 च्या खग्रास चंद्रग्रहणाला आमच्या गटातली एक गरोदर बाई संध्याकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत उपाशी, एका जागी बसवून ठेवलेली मी पाहिली आहे. विळीला हात लावू नको, पाणी पिऊ नको. पृथ्वीच्या सावलीने त्या बाळाचे काय बिघडणार होते? बिघडले असते तर आईच्या उपासाने.

आणखी एक सांभाळायचे. 'न्यूटनच्या आधी आमच्याकडे गुरुत्वाकर्षण होते' अशी फुशारकी हल्ली मोबाईलवर फिरते. पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती आहे असे भास्कराचार्यांनी लिहिले, हे खरे. पण ती अंतरानुसार किती कमी होते आणि तीच शक्ती चंद्राला कशी धरून ठेवते, याचा हिशेब न्यूटनने 1687 मध्ये दिला. दोन्ही सांगायचे, ज्याचे त्याला द्यायचे. खोट्या अभिमानाने मुली शहाण्या होत नाहीत.

मला सर्वांत आवडलेला भाग यंत्राध्यायातला आहे. नाना प्रकारची यंत्रे सांगून झाल्यावर भास्कराचार्य म्हणतात की हातात एक काठी आणि डोक्यात बुद्धी असली की बाकीच्या यंत्रांवाचून अडत नाही. या साधनाला त्यांनी 'धीयंत्र', म्हणजे बुद्धीचे यंत्र, म्हटले आहे. आश्रमशाळेत प्रयोगशाळा नाही, दुर्बीण नाही, म्हणून विज्ञान शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे आहे.

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी आम्ही तेच केले. एक मीटरची काठी उभी केली, तिची सावली मोजली, ती 60 सेंटिमीटर भरली. त्याच वेळी जांभळीची सावली मोजली, ती 7 मीटर 20 सेंटिमीटर. झाड 12 मीटर उंच, हे मुलींनी न चढता सांगितले. दुपारी साडेबाराच्या सुमारास काठीची सावली जवळजवळ नाहीशी झाली. भंडारदऱ्याला मेच्या 17-18 तारखेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मुली ओरडल्या, "ताई, सावली गेली!" कुणाचाही मुहूर्त न काढता सूर्य वेळेवर आला होता.

संध्याकाळी स्वयंपाकाला आलेल्या आयांना आम्ही गोलात बसवले. त्यांना नक्षत्रे पाठ होती. रोहिणी, मृग, आर्द्रा, भाताचे रोप कधी टाकायचे, आवणी कधी. मी विचारले, 7-8 जूनला मृग लागतो, मग त्या दिवसांत रात्री मृगाच्या चांदण्या का दिसत नाहीत? खूप वेळाने एक आजी म्हणाली, "सूर्यच तिथं जाऊन बसला असंल." मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला आणि त्याच्या उजेडात चांदण्या लपल्या, हे त्या आजीने एकटीने शोधले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने. त्या मोत्याच्या गोष्टीपेक्षा मुलींना त्या आजीची गोष्ट सांगा.

रात्रीचे सत्र ठरवले तेव्हा खरी अडचण आली. "पोरी रात्री बाहेर कशाला?" असे पालक म्हणाले. त्याच वेळी धरणाच्या काठाने तंबूंच्या रांगा लागलेल्या होत्या. मे-जूनला काजवे आणि तारे बघायला मुंबई-पुण्याची मुले येतात, दुर्बिणीतून त्यांना चंद्रावरचे खड्डे दाखवतात. आमच्या मुलींच्या आया तिथे भाकऱ्या थापतात आणि मुली भांडी घासतात. आकाश आमच्या डोक्यावरचे, पण बघायला परवानगी लागते आमच्याच लेकींना! शेवटी आयाच उठल्या, "आम्ही संगं बसतो" म्हणाल्या. त्या रात्री आयांनी आणि लेकींनी मिळून सप्तर्षी शोधले. वसिष्ठाजवळची अरुंधती बऱ्याचजणींना नुसत्या डोळ्यांनी दिसली. लग्नात नवरीला ती दाखवतात, पतिव्रता कशी असावी ते कळावे म्हणून. आम्ही सांगितले की हे दोन्ही तारे एकाच समूहातले, एकाच दिशेने बरोबर चाललेले आहेत. कुणी कुणाच्या मागे नाही.

मैत्रिणींनो, आपापल्या गावात एवढे तरी करू या. लीलावतीची गोष्ट कुणी इतिहास म्हणून सांगितली, तर तिथेच हात वर करून विचारू या की हे कुठे लिहिले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत असलेल्या बायांनी वर्षातून एक रात्र मुलींच्या आकाशदर्शनासाठी मागून घ्यावी आणि सोबतीला आयांनी बसावे. पुढचे ग्रहण येईल तेव्हा गरोदर बाईला वेळेवर जेवू घालावे, तिच्याबरोबर आपणही जेवावे. आणि असा कार्यक्रम असेल तेव्हा पहिली काठी रोवायचा मान गावातल्या एकल बाईला द्यावा.

त्या मुलीला मी दिवाळीच्या सुटीत पुन्हा भेटले. तिची आईही घरी होती. दोघींच्या समोर बसून मी तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. तुझ्या आईच्या लग्नात काहीही पडलेले नव्हते. विहिरीत दरड पडली, कारण कामावर सुरक्षिततेची काहीच सोय नव्हती. त्याची भरपाईही आईला मिळालेली नाही, तिचा अर्ज आपण आता करतो आहोत. आई काही बोलली नाही. मुलीने मात्र कोपऱ्यातली काठी आणली आणि म्हणाली, "ताई, आईला सावली मोजून दाखवू?"